घर कोणत्या स्टेशनावर घ्यावे ?

खेड्यातल्या घरी संध्याकाळी एक फोन येतो. मुंबईला नोकरीस लागलेला मुलगा पलीकडून बोलत असतो. आधी पाऊसपाण्याची चौकशी होते, म्हैस व्याली का ते विचारून होते, आणि मग तो हळूच मुद्द्यावर येतो. ''बाबा, आता या एका खोलीत भागत नाही. पोरगं रांगायला लागलंय. एक जागा पाहिली आहे, स्वस्तात मिळते आहे. थोडे पैसे कमी पडतात.'' त्या रात्री इकडे कुणाला झोप लागत नाही. कुणी फंडातले पैसे काढतो, कुणी ओढ्याकडेचा तुकडा विकायला काढतो, आणि कुणी सकाळी उठून गुरुजींचे घर गाठतो. ''गुरुजी, तो बदलापूर म्हणतो, सूनबाई विरार म्हणते. तुम्हांला काय वाटतं?'' गुरुजींनी बदलापूर पाहिलेले नसते आणि विरारही पाहिलेले नसते. तरी सल्ला हा द्यावाच लागतो.

हे चार शब्द त्या बाबांसाठी आणि त्या गुरुजींसाठी आहेत. मुंबईत नोकरी करणाऱ्या, घरात लहान मूल असलेल्या कुटुंबाने आसपासचे कोणते गाव राहण्यास निवडावे, निवडताना काय पाहावे आणि कशाला भुलू नये, एवढेच सांगावयाचे आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. २००१ साली त्यांच्या फंडाच्या पैशांत मी बदलापूरला घर घेतले. त्या वेळी मी ज्या चुका केल्या, त्यांतूनच पुढचे बरेचसे शहाणपण आले आहे, हे आधीच कबूल करतो.

प्रथम मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. हे शहर समुद्रात शिरलेल्या एका जिभेसारखे आहे. दक्षिणेच्या टोकाला जुन्या कचेऱ्या, आणि तीन बाजूंनी पाणी. तेव्हा वस्ती वाढली ती उत्तरेला, आणि रेल्वेच्या रुळांना धरून वाढली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. ते अंतर सुमारे ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, गाडी कल्याणला पोहोचली. कल्याणला रुळांचे दोन फाटे होतात. एक नाशिकच्या दिशेने कसाऱ्याकडे जातो, दुसरा पुण्याच्या दिशेने कर्जतकडे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजले तर डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटरवर, कल्याण ५४, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८ आणि कर्जत १०० किलोमीटरवर आहे. हा झाला मध्य रेल्वेचा मार्ग.

दुसरा मार्ग पश्चिम रेल्वेचा. तो चर्चगेटहून निघतो, आणि वसई सुमारे ५२ व विरार ६० किलोमीटरवर लागते. २०१३ च्या एप्रिलपासून लोकल गाड्या विरारच्याही पुढे डहाणूपर्यंत जाऊ लागल्या. तिसरा हार्बरचा मार्ग. तो खाडी ओलांडून १९९२ मध्ये वाशीला आणि १९९८ मध्ये पनवेलला पोहोचला. या तीन मार्गांवर ओवलेल्या गावांपैकीच एक गाव आपल्याला निवडायचे असते.

आता पहिली गोष्ट. अंतर किलोमीटरांत मोजू नका, तासांत मोजा. आणि तेही स्टेशनापासून स्टेशनापर्यंत नव्हे, तर घराच्या उंबऱ्यापासून कचेरीच्या खुर्चीपर्यंत.

असे समजा की मुलाची कचेरी फोर्टात आहे आणि घर बदलापूरला, स्टेशनापासून जरा लांब. घरातून निघून रिक्षाच्या रांगेत उभे राहणे आणि स्टेशन गाठणे यांत २० मिनिटे गेली. फलाटावर १० मिनिटे. गाडीत साधारण दीड तास. उतरून कचेरीपर्यंत चालत २० मिनिटे. सगळे मिळून झाले २ तास २० मिनिटे. कचेरी साडेनऊची असेल तर त्याला ७ वाजून १० मिनिटांनी घर सोडले पाहिजे. सहाला सुटला तर घरी पोहोचायला ८ वाजून २० मिनिटे होणार. तीन वर्षांचे मूल सकाळी सातला उठते आणि रात्री नऊला झोपते. बापाच्या वाट्याला काय आले? सकाळची १० मिनिटे आणि रात्रीची ४०. त्यात त्याचे हातपाय धुणे आले, जेवण आले.

आता हेच घर कल्याणला, स्टेशनापासून चालत १० मिनिटांवर आहे असे धरा. फलाटावर ५ मिनिटे, जलद गाडीत साधारण ६५ मिनिटे, पुढे चालत २०. एकूण १ तास ४० मिनिटे. जाताना ४० आणि येताना ४०, अशी दिवसाला ८० मिनिटे वाचली. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३३ तास झाले, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४०० तास. म्हणजे अहोरात्र मोजले तर सोळा दिवसांहून अधिक! बदलापूरची जागा कल्याणपेक्षा काही लाखांनी स्वस्त पडते हे खरे. पण ते लाख कोणाच्या पदरातून वजा होतात, हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही. मी तो मांडला नव्हता. आमची मुलगी तीन वर्षांची असताना मी एकदा मधल्या वारी रजा घेऊन घरी राहिलो. ती दुपारी आईला विचारीत होती, ''बाबा आजारी आहेत का?''

या वेळेच्या हिशेबात आणखी चार बारकावे आहेत, ते ध्यानात ठेवा.

पहिला बारकावा म्हणजे कचेरी कोठे आहे. मुंबईला नोकरी म्हटले की आपल्याला बोरीबंदर दिसते. परंतु आज कित्येक कचेऱ्या अंधेरीला, वांद्रे-कुर्ला संकुलात, ठाण्याला, ऐरोलीला आणि वाशीला आहेत. अंधेरीला जाणाऱ्याने डोंबिवलीला घर घेतले तर त्याला दादरला किंवा घाटकोपरला गाडी बदलावी लागते. घाटकोपरहून अंधेरीकडे २०१४ सालापासून मेट्रो आहे, म्हणून ते थोडे सोपे झाले; तरी बदलणे ते बदलणेच. अशा माणसाला वसई-विरारचा सरळ मार्ग सोयीचा. उलट ऐरोली-वाशीकडे जाणाऱ्यास ठाण्याहून निघणारी ट्रान्स-हार्बरची गाडी आहे. त्याला ठाण्याजवळचे गाव किंवा पनवेलची बाजू बरी.

दुसरा बारकावा गाड्यांच्या संख्येचा. कल्याणपर्यंत कसाऱ्याच्याही गाड्या येतात आणि कर्जतच्याही. कल्याणनंतर त्या दोन फाट्यांत वाटल्या जातात, आणि बदलापूरच्या पुढे तर आणखी विरळ होतात. पश्चिमेला हीच गोष्ट विरारनंतर. डोंबिवलीला एक गाडी चुकली तर पाठोपाठ दुसरी येते. नेरळला चुकली तर दुसरीची बरीच वाट पाहावी लागते. आणि पोराला ताप भरला आहे असा फोन आला की ती वाट किती लांब होते, ते ज्याचे त्यालाच माहीत.

तिसरा बारकावा गाडी कोठून सुटते याचा. ज्या स्टेशनातून काही गाड्या सुटतात, तेथे थोडे आधी गेले तर बसायला मिळते. कल्याण, बदलापूर, टिटवाळा, कर्जत, विरार, पनवेल येथून अशा गाड्या आहेत. मधल्या स्टेशनावर भरलेली गाडी येते, आणि माणूस दाराशी लोंबकळतो. यात थट्टा नाही. २०२५ च्या ९ जूनला मुंब्रा-दिवा भागात गर्दीच्या गाड्यांच्या दारांतून माणसे पडली आणि त्यांतले काही जण जिवास मुकले. तेव्हा मुलाला विचारा, ''तू गाडीत शिरतोस कसा आणि उभा कुठे राहतोस?'' घराची फरशी कोणत्या रंगाची आहे, हे नंतर विचारले तरी चालेल.

चौथा बारकावा सूनबाईंचा. पुष्कळ घरांत आता दोघेही नोकरी करतात. दोघांच्या कचेऱ्या दोन दिशांना असतील तर निदान एकाची तरी वाट तासाभराच्या आतली असावी. पाळणाघर संध्याकाळी ठरल्या वेळी बंद होते, आणि तेथली बाई मुलाला कडेवर घेऊन दारात उभी असते. धावपळ करीत तेथे पोहोचणारी बहुधा आईच असते. म्हणून जागा ठरवताना सूनबाईंच्या कचेरीचाही हिशेब त्याच कागदावर मांडावा.

दुसरी मोठी गोष्ट पाणी. पाणी दोन तऱ्हांनी छळते; नळाला नसते तेव्हा, आणि घरात शिरते तेव्हा.

आम्ही आमचे घर एप्रिलच्या उन्हात पाहिले. तळमजला, पुढे मोकळे अंगण, आणि थोड्या अंतरावर उल्हास नदी. वडील खूष झाले. म्हणाले, ''गावासारखं वाटतं.'' २००५ च्या जुलैची २६ तारीख आली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण उल्हास नदीनेही काठ सोडले होते. आमच्या घरात खिडकीच्या कठड्याएवढे पाणी चढले. मुलीला खांद्यावर घेऊन आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे रात्र काढली. मी कचेरीतून दोन दिवस आधी रजेवर आलो होतो म्हणून घरी तरी होतो. पुढे २०१९ च्या २७ जुलैला याच नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले, तेव्हा मला नवल वाटले नाही. वसई-नालासोपाऱ्याकडेही सखल भाग आहे. २०१८ च्या जुलैत तेथे रूळच पाण्याखाली गेले आणि गाड्या बंद पडल्या.

तेव्हा जागा पाहायची ती पावसात पाहावी. ते जमत नसेल तर भिंतीकडे पाहावे. पुराची ओल भिंतीवर रेघ सोडून जाते. रंग नवा असला तर शेजारच्या जुन्या चाळीची भिंत पाहावी. तळमजल्यावरच्या भाडेकऱ्याला विचारावे, ''२००५ ला पाणी कुठवर आलं होतं? २०१९ ला?'' तो हाताने दाखवील. तेवढा हात पुरे.

आणि नळाचे पाणी? ते बिल्डरला विचारू नये, त्याच इमारतीतल्या बाईला विचारावे. पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, मे महिन्यात काय होते, टँकर मागवावा लागतो काय, आणि त्याचे पैसे सोसायटी दर महिन्याला किती घेते. पाणी कोण देते हेही माहीत असावे. बदलापूर-अंबरनाथला ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देते. वसई-विरारला सूर्या धरणाचा मोठा आधार आहे. नगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या हद्दीच्या अगदी कडेला नवी संकुले उभी राहतात. तेथे इमारत आधी येते, जलवाहिनी मागाहून येते. दोहोंच्या मधली वर्षे टँकरवर काढावी लागतात.

तिसरी गोष्ट मुलाची, म्हणजे शाळा, डॉक्टर आणि मैदान. घर मुलासाठी घेतो म्हणतो, आणि मूल दिवसभर जेथे वावरणार ते मात्र पाहत नाही. शाळा चालत जाण्याजोगी असावी. बसने पाऊण तास जाणारे मूल बापासारखेच चाकरमानी होते. रात्री बारा वाजता दार उघडणारा लहान मुलांचा डॉक्टर किती अंतरावर आहे, याची चौकशी शेजारच्या एखाद्या आईकडे करावी. आणि संध्याकाळी पाचला इमारतीबाहेर उभे राहून पोरे कोठे खेळतात ते पाहावे. रस्त्यावर खेळत असतील तर मैदान नाही असे समजावे, मग छापील चित्रात कितीही हिरवळ असो. जवळपास कारखान्यांची वसाहत असेल तर तिच्यापासून घर किती दूर आहे तेही पाहावे. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात मोठे स्फोट झाले, आणि दोन्ही वेळा आसपासच्या वस्तीच्या काचा फुटल्या.

येथे शिक्षकबंधूंना व भगिनींना एक गोष्ट सांगतो. आपल्या शाळेतले मूल आईबापांबरोबर असे स्थलांतर करते, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला एवढ्या कारणावरून सरकारी वा अनुदानित शाळेला त्याचा प्रवेश अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात तसे स्पष्ट म्हटले आहे, आणि मागितलेला दाखला ताबडतोब देण्याचे बंधन मुख्याध्यापकांवर घातले आहे. पालकांना हे माहीत नसते. ते दाखल्यासाठी मुंबई ते गाव अशा खेपा घालतात, आणि तोवर मूल घरी बसते. आपण त्यांना एवढे सांगितले तरी एका मुलाचे काही आठवडे वाचतील. आणि शक्य असेल तर बिऱ्हाड मे महिन्यात हलवावे, म्हणजे जूनला नव्या शाळेत ते सर्वांबरोबर बसते.

आता चौथी गोष्ट, आणि ही सर्वांत धोक्याची. ती म्हणजे कागदपत्रे.

आपल्याकडे घरपट्टीची पावती दाखवली की लोक समजतात, घर पक्के. अहो, घरपट्टी आणि विजेचे बिल बेकायदा इमारतीलाही येते! पावतीने इमारत कायदेशीर होत नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती बनावट परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिल्या, आणि त्याच बनावट कागदांवर त्यांनी सरकारी नोंदणी क्रमांकही मिळवले. २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम दिला. नालासोपाऱ्याला सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती बांधल्या गेल्या होत्या. त्या न्यायालयाच्या हुकुमावरून पाडण्यात आल्या, आणि २०२५ च्या आरंभी तेथली कुटुंबे सामान घेऊन रस्त्यावर उभी राहिली. या माणसांनी चोरी केली नव्हती. कष्टाचे पैसे मोजून घरे घेतली होती. त्यांनी विश्वास टाकला तो चुकीच्या कागदावर.

म्हणून काय करावे? बांधकाम परवानगी कोणाची आहे ते पाहावे. महानगरपालिकेची, नगरपालिकेची वा योग्य त्या नियोजन प्राधिकरणाची हवी. नुसत्या ग्रामपंचायतीच्या कागदावर भागणार नाही. त्या परवानगीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जावे, आणि ''हा क्रमांक तुमच्या वहीत आहे काय?'' असे विचारावे. वरच्या ६५ इमारतींतल्या किती घरांचे रक्षण या एका खेपेने झाले असते! जमिनीचा सातबारा आपल्याला वाचता येतो. तेथे खेड्यातला माणूस शहरी माणसाहून हुशार असतो. मालकाचे नाव, इतर हक्कांतला बोजा आणि बिनशेतीची नोंद नीट पाहावी. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. ते नसेल तर नळजोडणी, कर्ज, पुढची विक्री अशी सगळीकडे अडचण येते.

नव्या बांधकामाची गोष्ट निराळी. २०१६ च्या कायद्याने आणि २०१७ च्या मे महिन्यापासून काम करणाऱ्या महारेरा प्राधिकरणाने तेथे ग्राहकाला बळ दिले आहे. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवरचा आणि आठांहून अधिक घरांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. किंमत कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर ठरते. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक पैसे घेता येत नाहीत. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. एवढे पाठ करून ठेवा. ''आज टोकन द्या, उद्या भाव वाढणार'' असे कोणी म्हणाला तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावे. आणि घर सूनबाईंच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही लक्षात असू द्या.

जाहिरातीविषयी दोन शब्द. ''स्टेशनापासून फक्त पाच मिनिटे'' असे लिहिलेले असते. ही पाच मिनिटे रात्री दोन वाजता, मोकळ्या रस्त्यावर, मोटारीतून गेल्यास लागत असावीत! आपण ती आठ वाजताच्या गर्दीत, छत्री धरून, चालत मोजावीत. लोकलचा महिन्याचा पास स्वस्त असतो, म्हणूनच तर माणसे इतक्या लांब राहू शकतात. पण घर स्टेशनापासून दूर असेल तर दोन्ही वेळच्या रिक्षाचे पैसे त्या पासाच्या कितीतरी पट होतात. तसेच ''येथे लवकरच मेट्रो येणार, नवा मार्ग होणार'' यावर विसंबू नये. येतात, नाही असे नाही. पण ज्या मुलासाठी घर घेतले ते मिसरूड फुटेपर्यंत वाट पाहावी लागण्याचाही संभव असतो. जी गाडी आज धावते तिच्यावर हिशेब करावा.

मग गाव कोणते? एकच नाव सर्वांना लागू पडत नाही, पण थोडक्यात स्वभाव सांगतो. डोंबिवलीला गाड्या भरपूर, मराठी शाळा, वाचनालये, नाटक-गाण्याचे वातावरण. मात्र वस्ती दाट आणि गाडीत पाय ठेवायला जागा नाही. कल्याण मोठे जंक्शन, गावाकडून येणाऱ्या लांबच्या गाड्याही तेथे थांबतात. म्हाताऱ्या माणसांना ही मोठीच सोय. अंबरनाथला शिलाहारांच्या काळचे शिवमंदिर आहे आणि जागा त्या मानाने परवडते. बदलापूर, जेथे पूर्वी घोडे बदलीत असे लोक सांगतात, हवेला चांगले, डोंगर जवळ; पण नदीचा काठ सांभाळावा. नेरळ-कर्जत ज्याला रोज मुंबईला जायचे नाही त्याला छान. वसईला अजून थोडी झाडी आहे, विहिरी आहेत. विरार-नालासोपाऱ्यात स्वस्त जागा पुष्कळ, आणि म्हणूनच तेथे कागद दोनदा तपासावा. पनवेलची बाजू २०२४ साली झालेल्या अटल सेतूमुळे आणि २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालेल्या विमानतळामुळे महाग होत चालली आहे. नवी मुंबईत नोकरी असेल त्याने तिचा विचार जरूर करावा.

आता सगळ्यांत उपयोगाचा सल्ला शेवटी सांगतो. घर घेण्याआधी त्याच गावात ११ महिने भाड्याने राहावे. भाडेकरार लेखी करून नोंदवून घ्यावा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. या ११ महिन्यांत एक पावसाळा आणि एक मे महिना दोन्ही येतील असे पाहावे. पूर कळेल, पाणीटंचाई कळेल, गाडीची गर्दी कळेल, डॉक्टर कळेल. भाड्याचे पैसे फुकट गेले असे वाटते. माझ्या वडिलांनाही तसेच वाटले होते, आणि मीही त्यांना समजावले नाही. ते भाडे ही परीक्षेची फी समजावी. पुरानंतर आम्ही तळमजला तोट्यात विकला. त्या तोट्यात अशी पाच वर्षांची भाडी बसली असती.

आणि बाबांनो, पैसे देण्याआधी तुम्ही स्वतः एकदा जाऊन या. सोमवार गाठा. सकाळी मुलाबरोबर घर सोडा, त्याच्याच गाडीत शिरा, त्याच्या कचेरीच्या दारापर्यंत जा. संध्याकाळी त्याच्याच बरोबर परत या. माझे वडील २००५ च्या दिवाळीत प्रथमच माझ्याबरोबर असे आले. परतताना ठाणे येईपर्यंत ते उभे होते आणि एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी घड्याळ पाहिले, झोपलेल्या नातीकडे पाहिले आणि म्हणाले, ''रोज?'' पुढच्या वर्षी आम्ही कल्याणला, स्टेशनापासून चालत जाण्याजोग्या, दोनच खोल्यांच्या जुन्या इमारतीत राहायला गेलो. जागा लहान होती. पण तेथून मुलीला शाळेत मी सोडीत असे.

तेव्हा यापुढे असा फोन आला तर हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. कागद-पेन्सिल घ्या आणि चार प्रश्न विचारा. दारापासून दारापर्यंत किती वेळ? २००५ ला आणि २०१९ ला पाणी कुठवर? शाळा चालत जाण्याजोगी आहे का? परवानगीचा क्रमांक पालिकेत जाऊन पाहिलास का? चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली की मग फंडाचे पाकीट उघडा. गुरुजींनीही हे चार प्रश्न शाळेच्या फळ्यावर एकदा लिहून ठेवावेत. वरच्या वर्गातली मुले ती उद्याची चाकरमानी, त्यांना कामास येतील.